हिप्पार्कसचा अर्धपुतळा: चेहरा कुणाचा धरायचा आणि काम कसं करायचं

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या विज्ञानबागेत आर्यभट, भास्कराचार्य आणि कोपर्निकस यांच्या ओळीत एका प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञाचा अर्धपुतळा बसवायचा आहे. हिप्पार्कसचं नाव ठरलं. नेटवर त्याच्या नावाने फिरणारा एका दाढीवाल्या संगमरवरी डोक्याचा फोटो मूर्तिकाराला दिला. आता एका पालकांनी शंका काढली आहे की हा हिप्पार्कस कशावरून? फोटो चालेल का, नसेल तर पर्याय काय, आणि काम कसं करून घ्यावं, हे तुम्ही विचारलं आहे. मी व्यक्तिशिल्पं करते, आणि प्राचीन डोक्यांच्या प्रती करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पालकांची शंका रास्त आहे. मूर्तिकाराला आजच फोन करा आणि काम थांबवायला सांगा. ज्याच्यावर हिप्पार्कसचं नाव कोरलेलं आहे असं एकही प्राचीन डोकं आपल्या हाती नाही. नेटवर कुठल्याही दाढीवाल्या ग्रीक डोक्याखाली कुठलंही नाव लागतं, आणि एकदा लागलं की पाठ्यपुस्तकांपासून पोस्टरांपर्यंत तेच चालत राहतं. फोटो खरा की खोटा हे ठरवायला तीन गोष्टी विचारा: हे शिल्प कुठल्या संग्रहालयात आहे, त्याचा नोंदणी क्रमांक काय, आणि ही ओळख कशाच्या आधारावर पटवली? तिन्हींची उत्तरं मिळत नसतील तर तो फोटो बाजूला ठेवा.

ओळख पटवण्याचे आधार फार नाहीत. पहिला आणि सगळ्यात भक्कम आधार म्हणजे शिल्पावरच कोरलेलं नाव. दुसरा नाण्यांचा: नाण्यावर चेहरा आणि नाव दोन्ही असतात, त्यावरून निनावी डोकं जुळवता येतं. तिसरा सापडलेल्या जागेचा. इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन शहराच्या एका मोठ्या हवेलीत १७५० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा एपिक्युरससारख्या तत्त्वज्ञांचे नावं कोरलेले छोटे ब्रॉंझचे अर्धपुतळे मिळाले, आणि त्यांच्यावरून इतर संग्रहांतली निनावी संगमरवरी डोकी ओळखता आली. याखेरीज जे काही सांगितलं जातं, म्हणजे ‘कपाळ विचारवंताचं दिसतं’, ‘नजर आभाळाकडे आहे’, ते सगळं अंदाजात मोडतं.

कोरलेल्या नावावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. सोळाव्या शतकात रोममध्ये प्राचीन थोरांचे चेहरे जमवण्याचं वेड होतं, आणि नाव असलेल्या डोक्याला जास्त दाम मिळत असल्यामुळे नावं नव्याने कोरलीही जात. पिर्रो लिगोरियोसारखा मोठा जाणकार खोटे शिलालेख रचण्यासाठीही प्रसिद्ध आहे. त्याच काळात फार्नेसे घराण्याचा ग्रंथपाल फुल्विओ ओर्सिनी नाणी आणि शिलालेख समोर ठेवून चेहरे ओळखण्याचं काम शिस्तीने करत होता; त्याने १५७० मध्ये अशा चेहऱ्यांचा संग्रह छापला. आज आपण जे करतो त्याची सुरुवात तिथे आहे. पुढे अठराव्या शतकात कावाचेप्पीसारख्या पुनर्रचनाकारांनी तुटलेली नाकं बसवली, एकाचं डोकं दुसऱ्याच्या छातीवर जोडलं. त्यामुळे संग्रहालयातल्या शिल्पाचंही नाक कुठल्या शतकातलं आणि गाल कुठल्या, हे पाहावं लागतं.

एक गोष्ट तुमच्या विद्यार्थ्यांनाही सांगण्यासारखी आहे. ग्रीकांनी विद्वानांचे अर्धपुतळे बहुधा केलेच नाहीत. त्यांचा पुतळा पूर्ण देहाचा असे, आणि तो माणूस बसलाय कसा, हात कुठे आहे, वस्त्र कसं ओढलंय यावरून तो कोण हे कळे. स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथातला क्रिसिप्पस बसून बोटांवर मुद्दे मोजताना दाखवला आहे. तो हातच त्याची ओळख. रोमनांनी आपल्या बागांसाठी आणि ग्रंथालयांसाठी अशा पुतळ्यांच्या प्रती करून घेतल्या तेव्हा बहुतेक वेळा फक्त डोकं आणि छाती घेतली. म्हणून आज आपल्याला ‘ग्रीक अर्धपुतळा’ म्हणून जे दिसतं ते बहुतांशी रोमन काळातलं आणि हातांविना आहे. खगोलशास्त्रज्ञाच्या बाबतीत हे नुकसान मोठं, कारण त्याची ओळख सांगणारा गोल किंवा सूर्यघड्याळ त्याच्या हाताशीच असायचं. जर्मनीत ट्रियरच्या संग्रहालयात तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या एका रोमन मोझेइकमध्ये (रंगीत तुकड्यांच्या चित्रात) अनॅक्झिमँडर हा जुना ग्रीक विचारवंत सूर्यघड्याळ हातात धरून बसलेला आहे. तिथून फक्त डोकं उचललं तर तो कुणीही दाढीवाला माणूस होईल.

हिप्पार्कसचंही असंच आहे. त्याचा जन्म नायसियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकचा, काम बरंचसं ऱ्होड्स बेटावर, काळ इ. स. पू. दुसरं शतक. नायसिया शहराने पुढे रोमन बादशहांच्या काळात, दुसऱ्या-तिसऱ्या शतकात, आपल्या या सुपुत्राची नाणी पाडली. एका बाजूला बादशहा, दुसऱ्या बाजूला बसलेला दाढीवाला पुरुष, समोर गोल आणि कडेला हिप्पार्कसचं नाव. त्याची सगळ्यात जुनी खात्रीची प्रतिमा हीच. पण ही नाणी तो गेल्यावर अडीचशे वर्षांहून अधिक काळाने पडू लागली, आणि त्यावरचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. त्यावरून नाकाचा उंचवटा, गालाची ठेवण, कानाची पाळी काढता येत नाही. बसण्याची पद्धत आणि गोल मात्र घेता येतो. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेसमोर १९३४ मध्ये उभारलेलं खगोलशास्त्रज्ञांचं स्मारक आहे. त्यात कोपर्निकस, गॅलिलिओ, केप्लर, न्यूटन, हर्शेल यांच्याबरोबर हिप्पार्कसही उभा आहे. पाचांच्या चेहऱ्यांना चित्रांचा आधार आहे, सहावा शिल्पकारांच्या कल्पनेतला. काम चांगलं आहे, पण त्यावरून नक्कल करणं म्हणजे दुसऱ्याच्या कल्पनेची प्रत करणं. ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या विद्यापीठातला अरिस्टार्कस या प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञाचा पुतळाही आधुनिकच आहे.

टॉलेमी या दुसऱ्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञाची कथा आणखी वेगळी. त्याच्या हयातीतली प्रतिमा नाही, पण युरोपने त्याला चेहरे भरपूर दिले. जर्मनीतल्या उल्म इथल्या मोठ्या चर्चमध्ये योर्ग सिर्लिन या कारागिराने १४६९ ते १४७४ या काळात ओक लाकडाची आसनं कोरली. त्यांच्या कडांवर प्राचीन विद्वानांचे अर्धपुतळे आहेत, आणि त्यात खगोलयंत्र घेतलेला टॉलेमी आहे. तो पंधराव्या शतकातला जर्मन माणूस आहे, टोपीपासून सुरकुतीपर्यंत. लाकडात इतकं जिवंत डोकं क्वचित पाहायला मिळतं. सिर्लिनने नक्कीच ओळखीच्या कुणाला तरी समोर बसवलं असणार असं मला ते पाहताना वाटतं. दुसरीकडे इटलीत टॉलेमीच्या डोक्यावर मुकुट चढला, कारण इजिप्तच्या टॉलेमी राजांशी त्याची गल्लत झाली. राफाएलच्या व्हॅटिकनमधल्या भित्तिचित्रातही तो मुकुट घालून पृथ्वीचा गोल धरून पाठमोरा उभा आहे. तुमच्या मूर्तिकाराने उद्या ‘टॉलेमी करू’ म्हणून मुकुटवाला फोटो आणला तर हे त्याला सांगा.

आता माझा सल्ला. अर्धपुतळाच करायचा असेल आणि चेहरा खरा हवा असेल तर पॉसिडोनियस करा.

हे नाव हिप्पार्कसइतकं ओळखीचं नाही, पण माणूस मोठा. जन्म सिरियातल्या अपामियाचा, इ. स. पू. १३५ च्या सुमारास, मृत्यू इ. स. पू. ५१ च्या आसपास. स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ, खगोलशास्त्रज्ञ, भूगोलकार. हिप्पार्कसच्याच ऱ्होड्स बेटावर त्याची पाठशाळा होती. स्पेनच्या गादीस बंदरात, आजच्या कादिझमध्ये, राहून त्याने समुद्राची भरती-ओहोटी पाहिली आणि तिचा चंद्राशी मेळ घातला. रोमन वक्ता आणि लेखक सिसरो त्याच्याकडे शिकला. सिसरोनेच लिहून ठेवलंय की पॉसिडोनियसने एक यंत्र केलं होतं; त्यात सूर्य, चंद्र आणि पाच ग्रहांच्या गती दिसत. मुलांना हे सांगताना १९०१ मध्ये अँटिकिथेरा बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजातून वर आलेल्या दातेरी चाकांच्या यंत्राचं चित्र जरूर दाखवा, कारण ते जहाज साधारण त्याच काळात बुडालं होतं. ते यंत्र त्याचंच, असं मात्र सांगू नका.

त्याचा अर्धपुतळा नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. फार्नेसे संग्रहातला, संगमरवरी, रोमन काळातली प्रत. मूळ शिल्प त्याच्या काळातलं, इ. स. पू. पहिल्या शतकातलं. शिल्पावर ग्रीक अक्षरांत त्याचं नाव कोरलेलं आहे. खगोलशास्त्रात काम केलेल्या प्राचीन ग्रीकांपैकी ज्याचा चेहरा इतक्या विश्वासाने समोर ठेवता येतो अशी माणसं फार थोडी.

या चेहऱ्याकडे मूर्तिकाराच्या नजरेने पाहू. पन्नाशी-साठीतला पुरुष. केस आखूड, पुढे विंचरून कपाळावर बारीक बटांमध्ये बसवलेले. दाढी-मिशी राखलेली, पण कातरलेली, हनुवटीच्या आकाराला धरून. आपल्या डोळ्यांसमोर ग्रीक तत्त्वज्ञ म्हटलं की छातीवर रुळणारी, गुंतलेली दाढी येते. तसं इथे काही नाही. अलेक्झांडरनंतर ग्रीक जगात गुळगुळीत दाढी करण्याची रीत पडली, त्यामुळे त्या काळात दाढी राखणं हीच विद्वत्तेची खूण झाली. पॉसिडोनियसने ती खूण ठेवली आणि व्यवस्थितपणाही ठेवला. तो ऱ्होड्सच्या कारभारात मोठ्या पदावर होता, इ. स. पू. ८७-८६ मध्ये बेटाचा वकील म्हणून रोमला गेला होता. पुढे पूर्वेची मोहीम संपवून रोमन सेनापती पॉम्पी त्याच्या घरी आला, तेव्हा त्याने आपल्या चोपदारांना रिवाजाप्रमाणे दार ठोठवू दिलं नाही, दंड खाली झुकवायला लावले, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. या माणसाच्या चेहऱ्यावर दरबार आणि पाठशाळा दोन्ही आहेत. कपाळावर आठ्या आहेत, गाल भरलेले नाहीत, पण म्हातारपण ओढून-ताणून दाखवलेलं नाही. तुमच्या मूर्तिकाराला ‘ऋषी’ करायचा मोह होईल. आपल्याकडे विद्वान म्हटलं की हात आपोआप जटा आणि लांब दाढीकडे जातो. त्याला आवरा.

संदर्भासाठी एकच फोटो कधीच पुरत नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरका, आणि शक्य तर मागून असे फोटो जमवा. संग्रहालयात पर्यटकांनी मोबाइल जवळ नेऊन काढलेले फोटो टाळा. जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठं होतं, कान मागे जातात, कपाळ फुगतं, आणि मूर्तिकार इमानाने तीच चूक मातीत उतरवतो. लांबून, झूम करून काढलेले फोटो घ्या. सगळे एकाच मापात मोठे करून, म्हणजे हनुवटीपासून टाळूपर्यंतची उंची सगळ्यांत सारखी ठेवून, छापून घ्या आणि कामाच्या जागी डोळ्यांच्या पातळीवर लावा.

माप सांगते. माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण नऊ इंच. मोकळ्या बागेत तेवढं ठेवलं तर बाहुली दिसते. आकाश आणि झाडं त्याला खाऊन टाकतात. सव्वापट करा, म्हणजे अकरा-साडेअकरा इंच. दीडपटीच्या वर जाऊ नका, शेजारचे पुतळे लहान दिसू लागतील. त्या तिघांची मापं आधी घ्या.

मातीकाम शाडूत होईल. पाटावर मधोमध पाइप, त्यावर डोक्याच्या आकाराचा तारेचा फुगा, आणि आत तारेला बांधून आडव्या लाकडी चिपा लोंबत सोडायच्या. नाहीतर डोक्याची माती दुसऱ्या दिवशी हनुवटीवर उतरते. आधी कवटी, जबडा आणि मानेचा कल. डोळे, केस, दाढी यांना पहिले काही दिवस हात लावू देऊ नका. मूर्तिकार मंडळींना डोळे लवकर करायची घाई असते, कारण डोळे झाले की बघणारे खूश होतात. पण बाजूने पाहिल्यावर कानाच्या भोकापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचं अंतर, कानापासून हनुवटीपर्यंतचं अंतर, भुवईपासून मागच्या कवटीपर्यंतचं अंतर जमलेलं नसेल तर डोळ्यांनी ते भरून निघत नाही. कॅलिपर (अंतर मोजायचा दोन पायांचा चिमटा) घेऊन ही तीन अंतरं फोटोंशी ताडून पाहा, तुम्ही स्वतः पाहा.

दाढीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण बहुतेक अर्धपुतळे तिथेच बिघडतात. कंगव्याने ओढल्यासारख्या समांतर रेघा मारल्या की दाढी गवतासारखी दिसते. दाढी आधी एक घट्ट आकार म्हणून करायची, केसांशिवाय. तो आकार जबड्याला चिकटून आहे, ओठाखाली आत जातो, हनुवटीवर पुढे येतो. मग त्यावर छोटे गुच्छ, प्रत्येकाची दिशा थोडी वेगळी. गुच्छाच्या कडेला सावली पडेल एवढीच खोली. पॉसिडोनियसची दाढी आखूड असल्याने खोल खड्डे नकोत. अँटिकिथेराच्या त्याच जहाजातून एका निनावी तत्त्वज्ञाचं ब्रॉंझचं डोकं मिळालं आहे, अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे ते. त्याची दाढी पिंजारलेली, वेगळ्या जातीची, पण गुच्छ एकमेकांवर कसे चढतात हे शिकायला त्याच्यासारखा नमुना नाही. मूर्तिकाराला तो फोटो दाखवा, दाढी मात्र त्याची करू देऊ नका.

डोळ्यांचा प्रश्न तुमच्यापुढे नक्की येणार. जुन्या संगमरवरी डोक्यांचे डोळे कोरे दिसतात, म्हणून लोकांना ते आंधळे वाटतात. तेव्हा बुबुळं रंगवलेली असत. रंग गेला, दगड उरला. संगमरवरात बुबुळ कोरायची रीत सम्राट हेड्रियनच्या काळी, दुसऱ्या शतकात, रुळली. म्हणजे आधीच्या काळातल्या माणसाच्या शिल्पात खोल कोरलेलं बुबुळ दिसलं तर ती प्रत नंतरची, किंवा नंतर कुणीतरी हात लावलेला. तुमच्या बागेत रंग टिकणार नाही. मी असते तर नेपल्सच्या प्रतीप्रमाणे डोळा गुळगुळीतच ठेवला असता, फक्त वरची पापणी नेटकी, थोडी पुढे काढून, म्हणजे तिची सावली डोळ्यावर पडते आणि नजर आल्यासारखी वाटते. मूर्तिकार बुबुळ कोरायचा आग्रह धरेल, कारण शेजारच्या कोपर्निकसला ते असेल. ऐकू नका.

नाकाचंही तपासा. प्राचीन डोक्यांत सगळ्यात आधी तुटतं ते नाक, आणि पुढच्या काळातल्या कारागिरांनी बसवलेली नाकं आपापल्या काळाच्या आवडीची असतात. संग्रहालयाच्या वर्णनात कुठला भाग नंतरचा आहे हे दिलेलं असतं. ते वाचूनच मूर्तिकाराला माप द्या.

साचा काढताना पहिल्या पातळ थरात नीळ घालायला सांगा. नंतर साचा फोडताना निळा थर दिसला की छिन्नी हळू चालवायची हे कळतं, आणि दाढीचे गुच्छ वाचतात. जुनी पद्धत आहे, पण नवे लोक कंटाळा करतात. ओतकाम कशात? ब्रॉंझ परवडलं तर प्रश्नच नाही. फायबर स्वस्त आणि हलकं, पण त्यावर ब्रॉंझचा रंग मारला की दोन-तीन उन्हाळ्यांत तो पांढुरका पडतो आणि पापुद्रे निघतात. तुमचं बजेट पाहता पांढऱ्या सिमेंटमध्ये दगडाची भुकटी घालून ओतून घ्या, आत गंज न धरणारी सळई, आणि बैठकीला पाणी साचणार नाही असा उतार. पावसाळ्यात शेवाळ धरेल. मऊ ब्रश आणि साधं पाणी, ॲसिड अजिबात नको.

तोंड पूर्वेकडे करा. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी उजेड समोरून, किंचित तिरका येईल. उत्तरेकडे तोंड केलं तर वर्षाचा बराचसा काळ चेहरा सावलीत राहतो आणि सगळी मेहनत सपाट दिसते. डोळे जमिनीपासून पाच-सव्वापाच फुटांवर यावेत. आपल्याकडे चौथरे उगाच उंच बांधतात आणि मुलांना फक्त नाकपुड्या दिसतात.

बागेत त्याच्याभोवती काय करता येईल तेही सांगते, कारण पॉसिडोनियसचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग महाराष्ट्रात बसून करता येतो. त्याने पृथ्वीचा घेर मोजला तो अगस्त्य ताऱ्यावरून. ऱ्होड्सवरून अगस्त्य जेमतेम क्षितिजाला टेकून मावळतो; अलेक्झांड्रियात तो वर येतो, किती, तर वर्तुळाचा अठ्ठेचाळिसावा भाग, असं त्याने धरलं. दोन ठिकाणांमधलं अंतर पाच हजार स्टेडिया (स्टेडिया हे ग्रीकांचं लांबीचं माप) मानून घेर दोन लाख चाळीस हजार स्टेडिया काढला. क्लिओमिडीस या ग्रीक लेखकाने हे नोंदवलंय. भूगोलकार स्ट्रॅबो पॉसिडोनियसच्या नावावर एक लाख ऐंशी हजारांचा आकडा देतो. कोनही जास्त धरला होता आणि अंतरही, पण रीत अगदी बरोबर. आपल्याकडे हाच अगस्त्य फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नवाच्या सुमारास दक्षिणेला, व्याधाच्या खाली, ठळक दिसतो. कोल्हापुरात तो जास्तीत जास्त साडेवीस अंश वर चढतो, नागपुरात सोळा अंशांच्या थोडा वर. विदर्भातल्या एखाद्या शाळेशी संधान बांधा, दोन्हीकडे कोनमापकाला ओळंबा लावून मुलांना मोजू द्या, आणि दोन गावांमधलं फक्त दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून घ्या. पृथ्वीचा घेर मुलं स्वतः काढतील. शिवाय चंद्रावर त्याच्या नावाचं पंचाण्णव किलोमीटर रुंदीचं विवर आहे. शुद्ध पंचमी-षष्ठीला शाळेच्या छोट्या दुर्बिणीतून ते छान उठून दिसतं.

इतकं सांगूनही समितीला हिप्पार्कसच हवा असेल तर माझी हरकत नाही. त्याचं काम मोलाचं आहे. चित्रा ताऱ्याची जागा, त्याच्या दीडशे वर्षं आधी होऊन गेलेल्या टिमोकॅरिस या खगोलशास्त्रज्ञाच्या नोंदींशी ताडून त्याने संपातचलन, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्याने ताऱ्यांच्या जागांत पडणारा फरक, ओळखलं. त्याची तारकासूची हरवली म्हणतात, पण २०२२ मध्ये सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातल्या एका जुन्या चामड्याच्या पोथीत, खरवडून पुसलेल्या मजकुराखाली, उत्तर मुकुट तारकासमूहाची मापं वाचता आली, आणि ती हिप्पार्कसची असल्याचं संशोधकांनी मांडलं. चेहरा मिळाला नाही, आकडे मिळाले. अशा माणसाला उसना चेहरा का चिकटवायचा? त्यापेक्षा अर्धपुतळ्याऐवजी उठावशिल्प करा: नायसियाच्या नाण्यावरची बैठक, समोर गोल, वर्तुळाकार चौकट. नेपल्सच्याच संग्रहालयात फार्नेसे ॲटलास आहे, खांद्यावर आकाशाचा गोल पेललेला. त्या गोलावर तारकासमूह उठावात कोरलेले आहेत. तो गोल हिप्पार्कसच्या सूचीवरून केला असा दावा २००५ मध्ये झाला आणि लगेच त्याला आव्हानही मिळालं, तेव्हा पाटीवर ते लिहू नका. पण उठावातल्या गोलावर आकृत्या कशा बसवायच्या हे त्यावरून शिकता येईल.

कल्पनेतला चेहरा करणं म्हणजे पाप असं मला मुळीच म्हणायचं नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या आवारातला आर्यभटाचा पुतळाही कल्पनेतलाच आहे, कारण आर्यभट कसा दिसत होता हे सांगणारा पुरावाच नाही. आणि तुमच्या बागेतल्या आर्यभट-भास्कराचार्यांचंही तेच. रोमन काळातही ज्यांचे चेहरे माहीत नाहीत अशांचे चेहरे ग्रंथालयांसाठी घडवले जात. होमरच्या बाबतीत तसं झालं, हे प्लिनीनेच लिहिलंय, आणि त्यामागची लोकांची ओढ त्याने समजून घेतली आहे. माझा आग्रह इतकाच की पाटीवर ते लिहिलेलं असावं. आर्यभट आणि भास्कराचार्य यांच्या पाट्यांवर ‘शिल्पकाराच्या कल्पनेतून’ ही ओळ घाला. पॉसिडोनियसच्या पाटीवर नाव, काळ, मग ‘नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातील नाव कोरलेल्या रोमन प्रतीवरून’ असं लिहा. खाली मूर्तिकाराचं नाव आणि साल, तेही त्याच आकाराच्या अक्षरांत.

माती पूर्ण झाली की साचा काढण्याआधी मला पाच बाजूंनी फोटो पाठवा. त्या टप्प्यावर कान अर्धा इंच मागे घेणं तासाभराचं काम असतं. सिमेंट ओतल्यावर काहीच करता येत नाही.